काटेरावला अजून सोडू नकोस

हॅलो? … हो, बोल गं ठमे. … हळू बोल, काही कळत नाहीये. पोचलीस ना भावाकडे? मग रडतेस कशाला?

थांब, थांब. दातांच्या लॅबमध्ये आहे, हातात प्लास्टर आहे, कुणाचा तरी वरचा जबडा… हां, ठेवला. आता बोल.

काटेरावचे काटे गळलेत? किती? … 'खूप' म्हणजे किती? मोज. … नऊ. बरं. आणि अंगावरचे ताठ आहेत की पडलेत?

… पडलेत.

नाही, नाही, हाताने उचलायचा नाही! समुद्रातला साळू आहे तो, सी अर्चिन, बटाटा नाही. पाण्याबाहेर काढलास आणि आत हवा शिरली तर संपलंच. बादलीतच राहू दे. बादली गाडीत कुठे ठेवली होतीस? … पुढे, उन्हात. आणि मध्ये कुठे थांबली नाहीस ना? …

केक? कसला केक? … भावाच्या नव्या घरासाठी. अर्धा तास. अगं, तू… जाऊ दे. नाही ओरडत. बोट बुडव पाण्यात. कसं लागतंय? … कोमट! त्याचा जीव उकडतोय तिथे.

ऐक आता. फ्रीजमध्ये बर्फ आहे? तो पाण्यात टाकायचा नाही, गोडं पाणी मिसळलं तर आणखी हाल होतील त्याचे. बाटलीत भर, झाकण घट्ट लाव, नि बाटली बादलीत तरंगत सोड. एकच. एकदम गार नाही करायचं. … हो, हो… अगं ऐक ना, एका हाताने प्लास्टिकचा मग घे. पाणी उचलायचं, वरून परत सोडायचं. हवा मिसळू दे. धार त्याच्या अंगावर नको. … हं. तशीच करत राहा.

तो कुठेय, तुझा भाऊ? … खाली गेलाय? वायर आणायला. बरं झालं. दहा मिनिटं तरी मिळाली.

पेन्सिल आहे का जवळ? धुऊन घे. साबण नको. आता काटेरावच्या अंगाला हलकेच टेकव. नुसती टेकव. … तिथले काटे पेन्सिलीकडे वळतात का बघ. … वळत नाहीत?

थांब. घाई नको. तशीच धरून ठेव.

… मी आहे इथेच. बोलू नकोस, बघत राहा.

… काय? … किती? … दोन! … अगं दोन पुरेत! दोन खूप झाले! जिवंत आहे तो.

टाकीत? नाही, लगेच टाकीत सोडायचा नाही. टाकी कशी दिसतेय, सांग आधी. … चकचकीत. पाणी कधी भरलं? … परवा. आणि दगड? मागच्या आठवड्यात माझ्याकडून नेले ना, गुलाबी-जांभळे, ते? …

पांढरे? पांढरे कसे होतील? … ब्लीचने घासले! नळाखाली! अरे देवा. अगं, ते दगड धुवायचे नसतात. त्यांच्यावरचे जिवाणू पाण्यातली घाण पचवतात. ते मेले की काटेरावची घाण त्यालाच विष होते. आणि तो खाणार काय तिथे, काच? शेवाळ तर बोटभरही नाही. … आमच्या टाकीची मागची काच आठवते ना, हिरवीगार? पुसत नाही म्हणून तुझ्या भावाने चार वर्षं माझं डोकं खाल्लं. तेच काटेरावचं जेवण होतं! पाच दात आहेत त्याला, खरवडून खरवडून खायचा.

ठमे, बादली उचल आणि परत आण. … माझी टाकी चालू आहे. रविवारी तुझा भाऊ ही टाकीही न्यायला येणार, म्हणून सकाळी पंप बंद करणार होते, पण हात धजला नाही. …

माहितीये गं मला. 'काचेची टाकी व त्यातील प्राणी' त्याचे, घटस्फोटाच्या कागदांत वकिलाने टाइप केलंय, सही माझीच आहे. सही केली तेव्हा त्याचे काटे गळत नव्हते. … तुला नाही पेलणार, कळतंय. लिफ्टपर्यंत तरी सरकव…

काय झालं? … आला?

काय म्हणतोय? … 'आता टाकीत सोडून टाक'? नाही! बादलीवर हात ठेव. ठेवलास? … ठमे, त्याच्याकडे फोन दे. … हो, सात महिने बोललो नाही, मोजता येतं मला. दे म्हणते ना!

… हॅलो. … मीच.

भांडायला नाही मागितला फोन. ऐक फक्त. … अरे, टाकी छानच लावली असशील तू. तुझं काम वाईट नसतं. पण त्या टाकीत तो आठवडाभरही टिकणार नाही. … बरं, आहे मी गबाळी. मान्य. मागची काच आजही तशीच आहे, म्हणून तर म्हणते, त्याला परत तिथे ने. …

तुझाच आहे, कोण नाही म्हणतंय? कागदावरही तुझाच. तीन महिने माझ्याकडे राहू दे. तुझ्या टाकीत शेवाळ धरलं, पाणी स्थिरावलं की घेऊन जा. मी स्वतः आणून देईन. …

हॅलो? आहेस ना? …

अरे… तू रडतोयस? …

नाही, तू मारला नाहीस त्याला. दोन काटे हलले, ठमीने पाहिलेत. तुला माहीत नव्हतं, एवढंच. … विचारायचं होतंस. … हो, मी फोन उचलला नसता, तेही खरंय.

आता ऊठ. बादली तू घे, ठमीला बाटली धरू दे. गाडी आधी सावलीत आण. मीही निघतेच इथून. … किल्ली? तुझ्याकडे आहे अजून? … बरं. मग उघड नि आत जा. टाकीत मात्र सोडू नकोस मी येईपर्यंत. पाणी थेंबाथेंबाने मिसळायचंय, दोन तास जातील. …

थांबलास तर थांब. मी नको म्हटलं का? … आणि हे बघ, मी काटेरावला परत घेतेय. तुला नाही. … हं. … कळलं ना? … हं.

वळणावर हळू घे. ठेवते.