गार इंजिन

— नाही, हात लावायचा तर लावा, बॉनेट गारच आहे. सकाळपासून किल्ली फिरवलेली नाही मी. डिझेल बघायला येणारा माणूस आधी बॉनेटवर हात ठेवतो, हे काय मला ठाऊक नाही? आधीच चालू करून गरम केलेली डिझेल गाडी कुणीही विकेल. गार असताना उठते की नाही, तो खरा प्रश्न. उठते. आत्ता ऑक्टोबर आहे, उठेलच. फेब्रुवारीचं मला विचारू नका.

तुम्ही बिलिंग्जहून आलात म्हणालात ना? मग गाडीला पाटी शेजारच्या राज्याची, नॉर्थ डकोटाची कशी? — भावाची गाडी. बरं, असेल भावाची. मी आपली एकटी बाई, चाळीस गायी आणि एक म्हातारं कुत्रं, मला आल्या-गेल्याची पाटी वाचावी लागते. आणि कुत्रं तुमच्यावर भुंकलंही नाही. माझ्या सख्ख्या दिरावर भुंकतं ते.

या, आत बसा, कॉफी देते. डिझेल कशाला हवंय तुम्हाला पण? ओढायचं काय आहे? — घोड्यांचा ट्रेलर. किती घोडे? — दोन. दोन घोड्यांना डिझेल म्हणजे चहाच्या कपाला रांजण. दोन घोडे पेट्रोलवालीसुद्धा ओढेल, गुणगुणत ओढेल. स्वस्तात घ्या, बिघडली तर कोणताही मेकॅनिक उघडेल, आणि थंडीत तिचे लाड नाहीत. डिझेल कुणाला हवं — ज्याला वीस बैल भरून घाट चढायचाय, रोज, वर्षभर. आमच्या ऑर्विलला हवं होतं. नवरा माझा. वर्षातून चार वेळा बाजाराला बैल न्यायचा, पण घाटात गाडीला धाप लागलेली त्याला खपायची नाही. मुलगा म्हणायचा, बाबा, चार दिवसांसाठी बाकीचे तीनशे एकसष्ट दिवस कशाला हाल? याच स्वयंपाकघरात, याच टेबलाशी दोघे महिनाभर भांडले. आणि मी ऑर्विलची बाजू घेतली. जुनी पेट्रोलची विकली आणि ही आणली. — हो, मुलगा आहे मला. कर्टिस. इथे नसतो. सहा वर्षं झाली.

मग आता का विकते? पेट्रोलची घ्यायचीय म्हणून. हो, त्याचंच खरं होतं, झालं समाधान? — तुम्ही कशाला हसताय?

थांबा. कॉफी नंतर प्या. मघाशी तुम्ही उतरलात, तेव्हा मी खिडकीतून बघत होते. बघणारच. तुम्ही माझ्या गाडीच्या पुढे गेलात, वाकलात, आणि बंपरच्या आत, ओढायच्या आकड्यामागे हात घालून हीटरची वायर काढलीत. रात्रभर विजेला जोडून इंजिन उबेत ठेवायची वायर. या अख्ख्या मुलखात ती वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबते, प्रत्येक डिझेलची. कुणीही आधी जाळीतच शोधेल. माझ्या गाडीची तेवढी आकड्यामागे असते, गवताच्या गठ्ठ्याच्या सुतळीने बांधलेली, कारण हे कुत्रं पिल्लू असताना वायरी चावायचं आणि कर्टिसने ती तिथे लपवली. दुकानातल्या फळ्यावर मी गाडी विकायची चिठ्ठी लावली, त्यात हे लिहिलं नव्हतं. मग तुमचा हात तिथे कसा गेला?

— बोलू नकोस. चोराच्या मनात चांदणं. बघ, कानापर्यंत लाल झालास. तिकडे नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरींवर कर्टिसबरोबर असतोस ना तू? तरी म्हटलं. त्याने पाठवलंय, आई काय विकतेय ते बघून ये म्हणून. की मी आहे का अजून, ते बघायला? स्वतः यायला काय झालं होतं त्याला? — काय झालं होतं ते मलाच ठाऊक आहे, तू मान हलवू नकोस.

काय सांगितलंय त्याने तुला? की फेब्रुवारीतल्या त्या रात्री शून्याखाली तीस होतं, आणि वायर लावायचं काम त्याचं, आणि त्याने लावली नाही, आणि पहाटे बापाच्या छातीत कळ आली तेव्हा ही डिझेल बया दोनदा घरघरली नि गप्प झाली? तेल काकवीसारखं झालं होतं आतलं. कर्टिस दोन मैल पळत गेला शेजारच्या गुंडरसनकडे, त्यांची गाडी घेऊन आला, तोवर ऑर्विल याच खुर्चीत — नाही, तू बस, खुर्चीने काय होतंय. मी दारातच ओरडले त्याच्यावर. वायर लावली नाहीस तू, म्हटलं. तो म्हणाला, आई, मी लावली होती.

लावली होती त्याने. रोज संध्याकाळी सहाला लावायचा, चुकायचा नाही. गोठ्याच्या भिंतीला चालणारं सॉकेट एकच. जेवणानंतर मी गायी बघायला गेले, एक वासरू नुकतं जन्मलेलं, ओलं, कान थंडीने कडक झालेले. त्याला उबेच्या खोक्यात घातलं, आणि खोक्याचा हीटर लावायला — एकच सॉकेट म्हटलं ना. गाडीची वायर दोन तासांनी परत लावू म्हटलं. झोप लागली. ऑर्विलला घेऊन गेले त्या दुपारी मी गोठ्यात गेले, तर वासरू पाय पसरून झोपलेलं, उबेत, मजेत.

तेव्हाच सांगायचं होतं. मग दफनाच्या दिवशी सांगू म्हटलं. घर भरलेलं, आणि दिराने सगळ्यांसमोर कर्टिसला विचारलं, खरं सांग, लावली होतीस का? कर्टिस माझ्याकडे बघत होता. मी बटाट्याचं भांडं पुढे सरकवलं, गार होतंय म्हटलं. आणि तो म्हणाला, लावली होती... बहुतेक. बहुतेक म्हणाला रे तो. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाला. महिन्याभरात गेला तो. मी नाही अडवलं.

अजून म्हणतो का, बहुतेक? — नको. नको सांगूस.

आणि तूही त्याला काही सांगू नकोस. तू सांगितलंस तर मी काय सांगू? त्याचा नंबर आहे माझ्याकडे. सहा वर्षं फ्रिजवर आहे, चुंबकाखाली. तेवढं म्हण, आईने गाडी दाखवली नाही, ज्याची गाडी त्याने येऊन बघायची म्हणाली. फेब्रुवारीच्या आधी.

कॉफी राहू दे, नीघ आता. आणि जाताना ती वायर होती तशी बांधून ठेव, आकड्यामागे. त्याची गाठ येते ना तुला?