शैलाताई बस चालवायच्या

नमस्कार. मागे खुर्च्या कमी पडल्यात, पण इथे पुढे सतरंजीवर जागा आहे. दाराशी उभ्या असलेल्या बायकांनो, आत या. तुम्ही सगळ्या शैलाताईंच्या क्लासच्या. तुम्ही दारात उभ्या राहिलेलं त्यांना चाललं नसतं.

मला माइकवर बोलायची सवय नाही. कालपासून ठरवत होते काय बोलायचं ते, आणि दर वेळी रडू यायचं. पण आज हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि रडण्याच्या आधी राग आला. बरं झालं. रडताना मला बोलता येत नाही, रागात येतं.

मी मंगल. इथे इंदिरानगरात राहते. शैलाताईंकडे मी गाडी शिकले आणि आता त्यांच्याच क्लासमध्ये शिकवते. मंगळवारी दुपारची बॅच सोडून ताई घरी गेल्या, चहा टाकला आणि हार्टचा झटका आला, तिथेच गेल्या. गॅस शेजारच्या काकूंनी येऊन बंद केला. बस, एवढंच. आजारपण नाही, कुणाला त्रास नाही, निरोप पण नाही.

आता रागाचं सांगते. माझ्या मागे हे फ्लेक्स लावलंय. फोटो सुंदर आहे. फोटोखाली लिहिलंय, ‘न्यूझीलंड येथे परिवहन विभागात उच्च पदावर कार्यरत’.

भाऊसाहेब, तुम्ही ताईंचे थोरले भाऊ. तुमचं दुःख माझ्याहून मोठं आहे. मी तुमच्या पाया पडते. पण हे खोटं आहे. शैलाताई बस चालवायच्या.

मागे ऐकू गेलं नसेल तर पुन्हा सांगते. ऑकलंड शहरात, खाकीसारखा शर्ट घालून, शैलाताई बस चालवायच्या.

नाशिकमध्ये त्या शाळेत गणित शिकवत होत्या. साहेबांना, म्हणजे ताईंच्या मिस्टरांना, तिकडे नोकरी लागली म्हणून संसार उचलून गेल्या. तिथे गेल्यावर कळलं की इथलं बी.एड., इथला अनुभव तिथे जसाच्या तसा धरत नाहीत. पुन्हा शिका, पुन्हा परीक्षा द्या. मुलगा, निखिल, तेव्हा लहान होता. मग त्यांनी दुकानात डबे रचले, कुणाच्या आजीला सांभाळलं. आणि एक दिवस बस स्टॉपवर जाहिरात वाचली, ड्रायव्हर पाहिजेत, शिकवू. साडी नेसणारी, स्कूटीसुद्धा न चालवलेली बाई तिथे जाऊन उभी राहिली.

त्या मला सांगायच्या, “मंगल, पहिल्या दिवशी डेपोच्या बाथरूममध्ये जाऊन मी पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि बस बाहेर काढली.”

इकडे फोन केला तर घरचे काय म्हणाले? कुणाला सांगू नको. भाऊसाहेब, तुम्हीच म्हणाला होतात, ताईंनीच सांगितलंय मला. आणि त्यांनी काय उत्तर दिलं तेही सांगितलंय. “का रे दादा? मी बस चालवतेय. चोरली नाहीये.”

हसा, हसा. त्या स्वतः हे सांगताना खूप हसायच्या.

मग साहेब गेले. निखिल शिकून नोकरीला लागला. आणि पन्नाशी उलटल्यावर ताई नाशिकला परत आल्या. आता तुम्ही सगळे आठवा, त्या आल्यावर आपण काय काय विचारलं. व्हिसा संपला का? मुलाशी पटलं नाही का? आजारी आहेत का? आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न, परत कधी जाणार? भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना तिकिटाची काळजी. एखादी बाई परदेशातून परत येते ती तिला यायचं होतं म्हणून, हे आपल्या डोक्यात शिरतच नाही. कुठेतरी काहीतरी फसलंच असणार!

फसलं काहीच नव्हतं. दोन्ही वेळा त्यांनी सगळं शून्यापासून उभं केलं. तिकडेही आणि इकडेही. इकडे तर जास्त अवघड गेलं, कारण तिकडे निदान कुणी ‘बिचारी’ म्हणत नव्हतं. जुन्या शाळेत गेल्या तर म्हणाले, आता तुमचं वय झालं, घरी शिकवण्या घ्या. नातेवाईक म्हणाले, भजनी मंडळात या, मन रमेल.

ताईंनी जुनी छोटी गाडी घेतली, तिला शिकवणाऱ्याच्या बाजूने क्लच-ब्रेक बसवून घेतले आणि ड्रायव्हिंग स्कूल काढलं. चाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी. बोर्ड रंगवायला दिला. नावाखाली लिहायला सांगितलं, ‘माजी गणित शिक्षिका, माजी बस ड्रायव्हर’. बोर्ड आला तर त्यावर फक्त गणित शिक्षिका. पेंटरला परस्पर निरोप गेला होता. कुणाचा, ते मी सांगत नाही.

ताई भांडल्या नाहीत. दुकानातून पांढरा रंग आणला, रस्त्यावर स्टूल टाकलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘माजी बस ड्रायव्हर’. अक्षर तिरकं आलंय. शेवटचा र खाली घसरलाय. आजही तसाच आहे, जाऊन बघा.

तो तिरका बोर्ड वाचून मी आत गेले. माझं माहेर लासलगावचं. दारात ट्रॅक्टर उभे असायचे. भाऊ कांदा भरून मार्केटला न्यायचे आणि मी त्यांना डबा न्यायचे, तोही पायी. स्टिअरिंगला हात लावला की आजोबा ओरडायचे, “उतर खाली, ते काय पोरींचं काम हाय का?” आणि इथे एक बाई बोर्डावर अभिमानाने लिहितेय की मी बस चालवायचे. मी त्याच दिवशी नाव घातलं.

क्लासच्या बायकांनो, हॉर्नचं तुम्हीच सांगायला पाहिजे, पण मी सांगते. ताईंच्या गाडीत शिकणाऱ्याच्या हाताखाली हॉर्न चालायचा नाही. तार काढून त्याचं बटण त्यांनी स्वतःच्या बाजूला बसवून घेतलं होतं. नाशिकमध्ये हॉर्नशिवाय गाडी शिकायची! मी म्हटलं, ताई, मरू आपण. त्या म्हणाल्या, “पायाखाली ब्रेक आहे ना? आरशात बघ, पुढे बघ, वेग कमी कर. हॉर्न शेवटी. आपले लोक गाडी सुरू करायच्या आधी हॉर्न वाजवतात.”

आणि एक दिवस माझी गाडी द्वारका सर्कलला बंद पडली. ऐन ऑफिसच्या वेळेला. मागे ट्रक, बस, रिक्षा, सगळे एकदम सुरू. एक जण शेजारून जाताना ओरडला, “मावशी, घरी जा, पोळ्या लाटा!” मी रडकुंडीला आले. म्हटलं, ताई, तुम्ही या इकडे, मी उतरते.

ताई जागच्या हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “वाजवू दे त्यांना. त्यांचे हॉर्न चालू आहेत, एवढंच त्यातून कळतं. तू क्लच दाब. चावी फिरव. पहिला गिअर टाक.”

मी टाकला. गाडी निघाली.

तेवढं एक वाक्य मी घेऊन आले घरी. मिस्टर गेल्यावर लोक बोलायला लागले, तेव्हा तेच. मी शिकवायला लागले तेव्हा सासरचे बोलले, तेव्हाही तेच. वाजवू दे. तू गिअर टाक.

निखिल, तू पुढे बसलायस. परवापासून बघतेय, येणारा प्रत्येक जण तुला विचारतोय, परत कधी जाणार? तुला वाटेल तेव्हा जा, वाटलं तर राहा. तुझ्या आईने कुणाला खुलासा दिला नाही. तूही देऊ नकोस.

आणि भाऊसाहेब, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला वाटलं, जाता जाता बहिणीचा मान वाढवावा. पण जो मान तिने स्वतः मिळवला, तो खोडून तुम्ही तिला दुसराच दिलात. तो तिच्या मापाचा नाही. हा मार्कर माझ्या पर्समध्येच असतो. तुम्ही लिहिता का? नाही तर मी लिहिते.

या. या, भाऊसाहेब. सावकाश. त्यांना वाट द्या जरा.

ती ओळ खोडा. हो, पूर्ण. आता खाली. माजी… बस… ड्रायव्हर.

तिरकं आलं तर येऊ दे. त्यांचंही तिरकंच आलं होतं.

बघा, आता फोटोतल्या बाई ओळखीच्या वाटतात.

क्लास बंद होणार का, असं कालपासून विचारताय, म्हणून सांगते. उद्या सकाळी सातची बॅच आहे. गाडी बाहेर उभी आहे, चावी माझ्याकडे आहे. हॉर्न अजून शिकवणाऱ्याच्याच बाजूला आहे. तो तिथेच राहील.

आता सगळे उभे राहू या. मोबाइल बंद करा. थोडा वेळ कुणी काही बोलायचं नाही. हा हॉल रस्त्यावर आहे, बाहेर गाड्या वाजतच राहतील.

वाजवू देत.