आगु, अण्णा

सहादू : परत लाव.

मनाली : नाना, चार वेळा व्हिडिओ लावून झाला. पाचव्यांदा लावून त्यात वेगळं काय ऐकू येणार आहे?

सहादू : तू लाव गं. नीट कानाशी धर. माझा आवाज कुठं येतो ते बघू दे.

मनाली : तुमचा आवाज सुरुवातीलाच येतो. "मनू, ह्यो बघ, पांढऱ्या शर्टातला, त्यो हिरो." मग हिरो घाम पुसतो. मग मागून ओरडणं सुरू होतं, तुम्ही फोन खिशात टाकता, आणि पुढं सगळं काळं. आवाज मात्र येत राहतो. एकूण चाळीस सेकंद. दोन वर्षं हा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. मी तो अख्ख्या कॉलेजला दाखवला होता.

सहादू : दाखवायलाच धाडला व्हता ना.

मनाली : परवा हैदराबादला रूमवर दाखवला. तो पिक्चर टीव्हीवर लागला होता. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, हे आमचं सायखेडा, हा आमचा ऊस, आणि ही मागची आग माझ्या वडिलांनी लावलीय. सगळ्या तेलुगू पोरी, कुणाचा विश्वास बसेना. मग मी हा व्हिडिओ लावला. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग माझी रूममेट हसायची थांबली. मला म्हणाली, "तो माणूस एवढ्यांदा सांगतोय, मग तुझ्या वडिलांनी तरी लावलीच कशी?"

सहादू : काय सांगतोय? आग म्हनतोय त्यो. ऐकू तर येतंय तुला. आग, आग.

मनाली : आग नाही म्हणत. आगु म्हणतोय. "आगु, अण्णा, आगु." तेलुगूत आगु म्हणजे थांब.

सहादू : थांब?

मनाली : थांब. मी दीड वर्ष तिथं राहते, नाना. रिक्षावाल्याला रोज म्हणते. घरमालकीण नातवाच्या मागं धावताना म्हणते. पण हा व्हिडिओ मी तिथं गेल्यापासून लावलाच नव्हता, म्हणून माझ्याही ध्यानात आलं नाही.

सहादू : थांब म्हनला त्यो?

मनाली : तीन वेळा.

सहादू : आन मी लावली.

मनाली : पाणी देऊ का?

सहादू : नको. तू जरा बस इथं. मला लावू दे हिशेब. म्हनजे तवा ते हसले, ते यामुळं हसले.

मनाली : कोण हसले?

सहादू : कोटेश आन त्याची मानसं. तुला कोटेश आठवत नसंल, तू नाशकाला हॉस्टेलवर व्हती. डायरेक्टरचा असिस्टंट. पस्तिशीचा असंल, पुढून टक्कल पडायला लागलेलं, पायात कायम रबरी चप्पल. पहिल्या दिशी आला तर आधी नदीवर गेला. खाली बसला, पान्यात हात घातला. मला म्हनला, अण्णा, माझं गाव राजमुंद्रीकडं, हीच गोदावरी आमच्या दारात येती. आपन गंगा म्हनतो, ते गोदावरी म्हनत्यात. म्हनला, आमच्याकडं हिचा पल्याडचा काठ दिसत नाय. मी म्हनलं, इथं तर उन्हाळ्यात गुडघ्याएवढ्या पान्यातून म्हशी जात्यात. लय हसला. पिच्चरची गोष्टच तशी व्हती ना, हिरो बापाच्या वैऱ्यामागं नदीच्या मुखापासून निघतो आन मारामाऱ्या करत करत वर नाशकापर्यंत येतो. बाकीचे मला ए बुढ्ढे, ए चाचा म्हनायचे. ह्यो एकटा अण्णा म्हनायचा. त्यांच्यात अण्णा म्हनजे थोरला भाऊ.

मनाली : माहीत आहे. पण हसले कशाला?

सहादू : सांगतो ना. पुढचा जाळ त्यांचा व्हता, गॅसच्या नळ्यांचा. बटन दाबलं की पेटतो, दाबलं की इझतो. पन मागं त्यांना खरी आग पायजे व्हती, उसाच्या पाचटाची. पाचट कसं पेटतं, वारं कुठून येतं, ते मला ठाव. म्हनून टेंभा माझ्या हातात दिला. त्यो यादगिरी, हिरोच्या जागी उड्या मारनारा, त्यो कमरंला दोरी बांधून दोन गंजींच्या मधून पळनार. त्यो पल्याड गेला की मागं मी लावायची. तालमीच्या वेळी कोटेशनं मला विचारलं, फायरला तुमच्यात काय म्हनत्यात. मी सांगलं, आग. तर त्यो पोट धरून हसला. त्याच्या मानसांना तेलगूत सांगलं, ते बी हसले. मला राग आला, म्हनलं माझ्या बोलन्याला हसत्यात. आता कळलं. मी आग म्हनतो आन त्यांना थांब ऐकू येतं.

मनाली : आणि ते थांब म्हणतात आणि तुम्हाला आग ऐकू येतं.

सहादू : त्याच्या ध्यानात आलं व्हतं की गं ते. म्हनून तर त्यानं लगीच हिरवा टॉवेल आनला. दोन्ही कानांत बोटं घालून दाखवलं मला. म्हनला, अण्णा, बात नहीं, कान बंद, सिर्फ टॉवेल देखो. टॉवेल खाली पडला की लावायची. मला वाटलं, वारं सोडायचे ते मोठाले पंखे लय आवाज करत्यात, म्हनून सांगतोय.

मनाली : टॉवेल?

सहादू : हा. हिरवा.

मनाली : नाना, टॉवेलचं तुम्ही आजवर कधी बोलला नाहीत. मला नाही, आईला नाही. आणि अपघाताच्या चौकशीत तर तुम्ही लिहून दिलंय की "आग" असं ओरडल्यावर पेटवायचं ठरलं होतं.

सहादू : जुना कागद त्यो, कशाला काढती आता?

मनाली : ठरलं काय होतं, नाना?

सहादू : तुझी आई मळ्यातून आली का बघ.

मनाली : आई पाचशिवाय येत नाही. काय ठरलं होतं?

सहादू : टॉवेल ठरला व्हता.

मनाली : मग तुम्ही टॉवेल का नाही बघितला?

सहादू : तुला दिसतंय ना व्हिडिओत मी काय बघत व्हतो ते. कशाला माझ्या तोंडातून वदवून घेती?

मनाली : मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

सहादू : एका हातात टेंभा, एका हातात फोन. हिरो पहिल्यांदाच एवढ्या जवळ आल्ता, इथून त्या खुंटीइतका. म्हनलं, यादगिरी पळायला अजून वेळ हाय, तवर पोरीला धाडू. टॉवेलकडं पाठ व्हती माझी. तेवढ्यात वरडा कानावर आला. माझ्या कानाला आगच ऐकू आलं, मनू, आईशपथ. वाटलं आपल्या पायी त्यांचा शॉट चालला वाया. फोन खिशात कोंबला आन लावला टेंभा. टॉवेल वर हाय का खाली, वळून पाह्यलंच नाय. आन यादगिरी आतच. त्याची दोरी अडकली व्हती. ते बघून कोटेश वरडत व्हता.

मनाली : आणि लोकांना काय सांगितलंत?

सहादू : दवाखान्याच्या व्हरांड्यात शूटिंगचा मॅनेजर कागद घेऊन आला. आत यादगिरीच्या हाताच्या पट्ट्या चालल्या व्हत्या. माझ्या अंगाला डिझेलचा वास येत व्हता. त्यानं विचारलं, किसने बोला आग लगाने को? मी म्हनलं, कोटेश आग म्हनला, मी लावली. ते काय खोटं नव्हतं, माझ्यापुरतं. मग त्यानं विचारलं, इशारा आगच ठरला व्हता का? मी म्हनलं, हा. तेवढा एक हा. कोटेश तिथंच उभा व्हता. त्याला मराठी येत नाय, मॅनेजरनं त्याला तेलगूत सांगलं. त्यानं माझ्याकडं पाह्यलं. मी मनाची समजूत घातली, गप बसला म्हनजे चूक त्याचीच असंल. आग म्हनला तर व्हताच ना, टॉवेल पाडायच्या आधीच म्हनला, मग चूक त्याचीच. दोन वर्षं ह्याच्यावरच झोपलो मी.

मनाली : म्हणून नाशिकला थिएटरात तुम्ही उठून गेलात. अख्ख्या गल्लीला घेऊन गेला होता, आणि बरोबर आग लागायच्या आधी बाहेर. मला वाटलं, पाणी प्यायला गेले.

सहादू : गल्लीतला भिमाजी सांगत व्हता, शिट्ट्या वाजल्या म्हने. सिनेमात ते वरडनं ऐकू येतं का?

मनाली : नाही. नुसते ढोल आहेत. शॉट मात्र तोच आहे, खरा. ते ओरडणं फक्त माझ्या फोनमध्ये आहे.

सहादू : कोटेशचं काय झालं पुढं? तुला काय ठाव हाय का?

मनाली : रूममेटचा भाऊ एडिटिंगमध्ये आहे, त्याला चौकशी करायला लावली. यादगिरी बरा आहे. डावा हात पूर्ण उघडत नाही, पण नव्या मुलांना उड्या शिकवतो. कोटेशला मात्र त्यांच्या संघटनेनं काढून टाकलं. निष्काळजीपणा म्हणून. त्यानंतर त्याला कुणी सेटवर उभं केलं नाही. आता राजमुंद्रीला लग्नांचं शूटिंग करतो.

सहादू : लग्नांचं?

मनाली : अकरा वर्षं असिस्टंट होता. पुढचा पिक्चर त्याचा स्वतःचा होता म्हणे.

सहादू : व्हता. मला ठाव हाय. ह्याच ओसरीवर बसून सांगलेली त्यानं गोष्ट. एक म्हातारा आन त्याची नात, मुखापासून उगमापर्यंत नदीकाठानं चालत येत्यात. मारामारी नाय, काय नाय. मी म्हनलं, असला पिच्चर कोन बघनार? म्हनला, तुम्ही बघा अण्णा, बास झालं. शेवटाला म्हातारा ज्या घरात मुक्कामाला ऱ्हातो, ते घर तुमचं पायजे म्हनला. तुझ्या आईनं थालीपीठ दिल्तं, ते खात खात दाराची मापं घेतली त्यानं.

मनाली : त्यानंतर कधी बोलणं झालं?

सहादू : मी नाय बोललो. त्याचा मात्र दर पाडव्याला मेसेज येतो. त्यांचा बी सन त्याच दिशी. आंब्याच्या पानांचं चित्र, आन खाली अण्णा लिहिलेलं. ह्या वर्षी बी आला.

मनाली : तुम्ही उत्तर दिलं?

सहादू : काय लिहू? चित्र उघडतो आन बंद करतो.

मनाली : नाना, व्हिडिओ मीच मागितला होता. त्या आठवड्यात रोज फोन करून डोकं खाल्लं तुमचं. सगळ्या पोरींना सांगून ठेवलं होतं. परवापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

सहादू : ते मनात आनायचं नाय. पोरीनं मागावं, बापानं धाडावं, त्यात कसला गुन्हा? शूटिंग झाल्यावर बी धाडता आला असता. टेंभा माझ्या हातात व्हता आन डोळे माझे व्हते. कागद घे.

मनाली : कशाला?

सहादू : त्यांच्या संघटनेला लिही. तुला इंग्रजी येतं, तेलगू येतं, ज्यात लिहायचं त्यात लिही, खाली सही मी मराठीत करतो. लिही, इशारा टॉवेलचा ठरला व्हता. कोटेशनं मला कान बंद ठेवायला सांगलं व्हतं. मी टॉवेल पाह्यला नाय, मी फोनमधी बघत व्हतो. त्यो थांब म्हनत व्हता. आन हा व्हिडिओ संगं जोड.

मनाली : हे लिहून दिलं तर तुमच्यावर केस होऊ शकते.

सहादू : होऊ दे.

मनाली : गावात कळेल. सगळे तुम्हाला पिक्चरवाले नाना म्हणतात.

सहादू : म्हनू नका म्हनावं. दोन वर्षं ते ऐकलं की चहा कडू लागतो मला. बिनकामाचं मिरवलो. मला भ्या त्याचं नाय, मनू. मला भ्या ह्याचं वाटतं की ते त्याला परत घेत्याल का. त्याची दोन वर्षं गेली. म्हातारा आन नात नदीकाठानं यायची ती आलीच नाय.

मनाली : ते मला नाही सांगता येणार. घेतील असं खोटं नाही बोलणार मी.

सहादू : नको बोलू. आपल्या घरात तेवढं बास झालं आता. कागद संध्याकाळी लिहू. आधी त्याला फोन लाव. माझ्याच फोनवरनं लाव. कोटेश सिनेमा म्हनून नंबर हाय.

मनाली : मी बोलू का? मला तेलुगू येतं, मी नीट समजावून सांगते.

सहादू : नाय. मी बोलनार. माझं हिंदी मोडकं हाय, पन त्याला माझं मोडकंच समजतं.

(फोन लागतो. मनाली तो स्पीकरवर टाकून दोघांच्या मध्ये ठेवते. पलीकडे गाड्यांचे आवाज, लांबून सनई.)

कोटेश : अण्णा? सहादू अण्णा? बागुन्नारा?

मनाली : बरे आहात का विचारतोय.

सहादू : कोटेशभाऊ, मैं सहादू. सायखेडासे.

कोटेश : मालूम, अण्णा. नंबर है ना मेरे पास. कैसा है आप? वदिना, भाभी, कैसा है, वो थालीपीठ...

सहादू : सब अच्छा है. तुम अभी कुछ बोलू नको. मेरेकू बोलने दो, नाय तो मैं फिर बोल नाय सकनार. वो दिन तुमने आग नाय बोला था. तुम थांब बोला था. आगु. मेरेकू आज समज्या, लडकीने बताया.

कोटेश : अण्णा...

सहादू : सुनो. वो तो कान की गलती. दुसरी बात कान की नाय है. तुमने टॉवेल बोला था. मैंने टॉवेल देखाच नाय. मेरे हात में फोन था, मैं हिरो का व्हिडिओ निकालता था. और वो मॅनेजरने पूछा, तो मैं झूठ बोला. तुम सामने खडा था, तो बी झूठ बोला. तुमकू काम से निकाला वो मेरे वजह से...

कोटेश : आगु.

सहादू : और तुम्हारा पिच्चर, वो बुढ्ढा और उसका नात, वो बी मैंनेच जलाया, कोटेशभाऊ, मैं...

कोटेश : आगु, अण्णा. आगु.

सहादू : हा. थांबलो.