मागून घेतलेली जागा

दवाखान्यात आजोबांच्या बायकोच्या खाटेजवळचा नाडी दाखवणारा पडदा रोज संध्याकाळी गोठायचा. आजोबा बाहेर बाकावर बसून कंटाळले होते. पडदा दुरुस्त करायला आलेली बाई आणि तिचा सहकारी लॅपटॉप घेऊन शेजारीच टेकले.

“कोडमधलं तुझं फंक्शन दर वेळी आकड्यांची रांग, म्हणजे अ‍ॅरे परत देतं. त्याला मेमरीत जागा कोण मागतं?”

“मीच, मॅडम, जागा मागायच्या त्या मॅलॉकनं. फंक्शनची स्वतःची जागा दिली असती, तर ते संपताच ती गेली असती.”

“बरोबर. काम झाल्यावर ती सोडतं कोण?”

“वापरणारा. म्हणजे तुम्ही.”

“हे मला कधी सांगितलंस?”

“वाटलं, तुम्ही सोडतच असाल.”

“आणि मला वाटलं, तू सोडतोस. म्हणून संध्याकाळपर्यंत मेमरी तुडुंब आणि पडदा गोठलेला.”

“मग आता दोघंही सोडूया.”

“एकच जागा दोनदा सोडलीस, तर प्रोग्राम संध्याकाळपर्यंतही टिकायचा नाही, बाबा. वापरणाऱ्यानंच सोडायची. लिही तसं फंक्शनच्या वर.”

“सोडणारं कोण, तिथं तुमचं नाव घालू?”

“माझं कशाला? मी उद्यापासून दुसऱ्या नोकरीवर.”

“म्हणजे तुमचाही कोड माझ्याच गळ्यात?”

“दुसरं आहे कोण?”

आजोबा खाकरले. “मग उद्या संध्याकाळी पडद्याकडे बघणार कोण?”

सहकाऱ्यानं लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर ओढला.

“मी आहे, आजोबा.”