सहा विसा ऊन

(उस्मानपुऱ्यातला कातडीच्या डॉक्टरांचा दवाखाना, जानेवारी १९९४. मेंढरं राखणाऱ्या बानाबाई लग्न ठरलेल्या लेकीला, सुगंधाला, घेऊन आल्यात. सुगंधाच्या गळ्यावरचा पदर फोडांना चिकटलाय.)

डॉक्टर : ओढू नका तो पदर. आधी भिजू द्या. औषध लावून किती वेळ बसवलंत हिला उन्हात, ते सांगा.

बानाबाई : तुमी सांगितला तेवढाच वख्त, डाक्टरसाब.

डॉक्टर : दोन मिनिटांत असे फोड येत नाहीत, बाई. कानाखाली रुपयाएवढा पांढरा डाग होता. आता हनुवटीपासून खांद्यापर्यंत भाजलंय.

बानाबाई : मिन्टं आमाला कुठून कळत्याल? घरात घड्याळ नाय. तसं बोलले तवा तुमीच म्हनला, एकशेवीस मोजा. म्हंजी सहा विसा. सहा विसाच मोजल्या, एक बी जास्त नाय.

डॉक्टर : एकशेवीस मोजायला दोनच मिनिटं लागतात.

बानाबाई : दोन मिन्टात कशी मोजू? मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी हिला बसवली अन् मेंढरं सोडाया लागले. पावसाळ्यापास्नं खुरं सडत्यात त्यांची. एकेकीचा पाय उचलून बघायचा, मंग भाईर काढायची. आमच्याकडं बरुबर सहा विसा मेंढरं हायती. तुमी आकडा बोलला, मला वाटलं देवच पावला.

डॉक्टर : मेंढरं मोजलीत?

बानाबाई : मोजायचं म्हनल्यावर दुसरं काय मोजू?

डॉक्टर : अर्धा तास तरी गेला असेल.

बानाबाई : थंडीचं ऊन ते. त्या उन्हात आमी जल्माचे बसतो. कुनाचं काय बिघडलंय त्यानं?

डॉक्टर : एरवी नाही बिघडत. पण हे औषध म्हणजे रंग नव्हे, लावला आणि चढला. ते कातडीला उन्हासाठी हळवं करतं. मग जरासं ऊनही तव्यासारखं चटका देतं. त्या जराशा उन्हानं डागातला रंग जागा व्हावा, एवढंच त्याचं काम. म्हणून म्हटलं होतं, कापसाच्या काडीनं फक्त डागावर लावा, दोन मिनिटांनी साबणानं धुवा आणि दिवसभर झाकून ठेवा. धुतलं होतं का?

सुगंधा : न्हाई. तशीच मेंढरामागं गेले.

बानाबाई : धुतल्यावर गुण उतरंल असं वाटलं.

सुगंधा : डागाच्या भवती बी लावलं मायनं. समदा गळा एकसारखा दिसावा म्हून.

डॉक्टर : किती दिवस?

सुगंधा : तीन.

डॉक्टर : लाल दिसलं तेव्हाच थांबायला हवं होतं.

बानाबाई : पयल्या दिशी काय बी झालं नाय. दुसऱ्या दिशी लाल दिसलं, मला वाटलं रंग धरतोय.

डॉक्टर : हे भाजणं लगेच दिसत नाही, एकदोन दिवसांनी वर येतं. पण फोड आल्या आल्या का नाही आणलंत?

बानाबाई : कशात आनू? इद्यापीठाच्या नावावरनं दंगा पेटला, चार दिस यष्टी बंद. दोनदा फाट्यावर जाऊन बसलो. दुसऱ्या खेपंला पोलिसांनी माघारी धाडलं. पोर रातभर उशीला मान टेकत नव्हती.

डॉक्टर : माझंही चुकलं. नुसता आकडा सांगितला, मोजून दाखवायला हवं होतं.

बानाबाई : तुमचं चुकलं ते घिऊन म्या काय करू? सोमवारचं सांगा. सोमवारी पोराकडच्या बाया गुलमंडीवर बस्त्याला यायच्यात. साडी गळ्याला लावून बघत्यात त्या. पोरगा मोतीराम वाळूजला कंपनीत कायम झालाय, बजाजनगरात खोली हाय. आमच्यातली एक पोर अजून नळाच्या घरी पडली नाय. माघात लगीन.

डॉक्टर : सोमवारपर्यंत खपलीसुद्धा धरणार नाही. आणि तुम्हाला फसवत नाही, कोड असलेल्या माणसाला जिथं भाजतं तिथं कधी कधी नवा डाग उठतो.

बानाबाई : समदा गळा पांढरा?

डॉक्टर : होऊ शकतो. नाहीही होणार.

बानाबाई : मंग एक कागद द्या. कढईतलं तेल उडालं म्हून लिवा. तुमचा शिक्का बघितला की कुनी इचारनार नाय.

डॉक्टर : आणि पुढं पांढरं पडलं तर?

बानाबाई : भाजल्यालं पांढरं ऱ्हातंच की. तवर पोटी लेकरू असंल. लेकराच्या मायला कोन माघारी धाडतंय?

डॉक्टर : हे बरोबर नाही, बाई. पण माझ्या हातूनही झालंय. थांबा, लिहितो.

सुगंधा : लिवू नका, डाक्टरसाब. मी त्यास्नी कोडाचं सांगनार हाय.

बानाबाई : गप बस. लगीन मोडंल.

सुगंधा : मोडू दे. जल्मभर तेलाचं नाव सांगत ऱ्हाऊ का?

बानाबाई : तुझ्या पाठची सारजा हाय. तिला कोन इचारंल मंग?

सुगंधा : तिच्या गळ्याला तरी असलं काय लावू नको.

बानाबाई : तुझ्यासाठीच केलं ना गं समदं. एवढं भाजत व्हतं तर तवाच का बोलली नाय? हाक मारली असतीस तर सावलीत घेतली असती की तुला.

सुगंधा : तू मोजत व्हतीस, माय. मधी बोललं की तू पुन्यांदा पयल्यापास्नं मोजतीस.