मुकुट घसरला नाही

(मालवणजवळच्या एका शाळेचा व्हरांडा, १९५८. शाळेच्या रौप्यमहोत्सवात काल संध्याकाळी दशावताराचा खेळ झाला. आज सकाळी कंपनीचे पेटारे बांधले जात आहेत. गुरुदास मास्तर इथे शास्त्र शिकवतात. आबा कंपनीतला स्त्रीपार्टी, म्हणजे राणीची कामं करणारा नट. कंपनीचे मालक रामचंद्र यांचा थोरला मुलगा.)

आबा : तुमी शास्त्र शिकवतास, म्हणान तुमकाच इचारतंय. पदरचा घालू नकात, काय सोडू नकात. सिनेमाच्या तंबूत त्या गोऱ्या राजाक तुमी बघलास, ता नेमक्या काय बघलास?

गुरुदास : मुख्य चित्रपटाआधी बातमीपट दाखवला. उत्तर युरोपातलं एक लहानसं राज्य. निवेदकानं नाव घेतलं तेव्हा मागे कुणीतरी खोकलं, म्हणून नावाची खात्री देत नाही. राजाला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली होती. राजवाड्याच्या सज्जात कुटुंब उभं होतं. मधोमध राजा, एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला धाकटा राजपुत्र. थोरला कठड्याच्या अगदी टोकाला. चौघेही खालच्या गर्दीकडे पाहून हात हलवीत होते. बस.

आबा : राजान आपलो मुकुट काढून धाकल्याच्या माथ्यार ठेवल्यान?

गुरुदास : नाही. मुकुट नव्हताच. राजाच्या डोक्यावर लष्करी टोपी होती, आणि ती त्यानं काढली नाही.

आबा : म्हणजे कालचा ता सगळा बाबांचा.

गुरुदास : ते सगळं मालकांचं. मी फक्त प्रसंग सुचवला. शाळेलाही पंचवीस वर्षं, त्या राजालाही पंचवीस. समितीला काही नवं हवं होतं. एरवी दशावतारात युरोपचा राजा आणण्याचं धाडस मी केलं नसतं.

आबा : ता धाडस बरा होता. लोकांका आवाडला. बाकड्यार बाकडो चढवन सज्जो केलो, तुमच्या प्रयोगशाळेतलो पडदो लायलो. पण खेळाआधी बाबांनी आमका बसवन काय सांगल्यानी, ठाव आसा? राजो थोरल्याक फुडे बोलयतलो, मुकुट देतलो, राणी ओवाळतली, झाला मंगल. राजो बाबाच, थोरलो कंपनीतलो धोंडू, धाकलो माझो धाकटो भाव बाळा, राणी मी. धोंडू फुडे सरलो. मान वाकवन उभो रवलो. आणि बाबांचो हात तेच्या माथ्यावरसून बाळाकडे गेलो.

गुरुदास : मी पाहिलं. प्रेक्षक हसले. धोंडू विनोदी नट असावा असा त्यांचा समज झाला.

आबा : तो कसलो इनोदी! पडद्यामागे येवन ढसाढसा रडलो. म्हणता, आबा, माझा काय चुकला? तेचा काय चुकतला? तो आपलो माझ्या जागेर उभो होतो.

गुरुदास : तुमच्या जागेवर?

आबा : बाबा काय बोलले ता ऐकलास मां? "आमची गादी, आमचं नाव आणि आमचे पेटारे आजपासून याचे." पेटारे, मास्तरानू! खंयच्या राजाकडे पेटारे आसतत? थंय बसलेल्या पोरांका सुद्धा कळला, बाबा कंपनी बाळाच्या नावान करतत म्हणान.

गुरुदास : त्या शब्दावर मीही थबकलो. पण दशावतारात संहिता नसते. तुम्ही सगळे उभ्या उभ्या रचता.

आबा : तांच मी रात्रीपासून मनाक सांगतंय. आमच्यात लिवलेला काय नसता. तोंडाक येयत ता बोलूचा. कधी कधी माणूस भरान जाता, राजाचा आणि आपला एक होवन जाता. बाबांचा वय झाला. भरान गेले आसतले. सकाळी म्हणतले, आबा, चुकलंय रे. तुमी पण तसांच म्हणा, मी जावन पेटारो बांधूक लागतंय.

गुरुदास : तसं म्हणणं मला शक्य असतं तर बरं झालं असतं.

आबा : म्हणजे?

गुरुदास : एक निरीक्षण सांगतो. त्यातून काय निघतं ते तुम्हीच ठरवा. मालकांचा मुकुट मी जत्रांतून पाहिला आहे. तो त्यांच्या कानांपर्यंत खाली बसतो. काल मात्र ते पहिल्या प्रवेशापासून एका हातानं लोकांना अभिवादन करीत होते आणि दुसऱ्या हातानं मुकुट सावरीत होते. तो टाळूवर तरंगत होता.

आबा : माका वाटला, गोऱ्या राजाची तशी ऐट आसतली.

गुरुदास : सर्वांनाच तसं वाटलं. नंतर तोच मुकुट बाळाच्या डोक्यावर ठेवला. बाळाचं डोकं लहान. मुकुट नाकावर यायला हवा होता. तो घसरला नाही.

आबा : ...आत कायतरी घातलेला.

गुरुदास : असं अनुमान निघतं. आणि ते खेळ सुरू होण्याआधी घातलेलं होतं.

आबा : आणि बाळाच्या डोक्याचा माप घेवन. मगे भरान गेले नाय ते.

गुरुदास : नाही. शिवाय आणखी एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. मालक पंधरवड्यापूर्वी माझ्याकडे आले होते. त्यांनी त्या सज्जाचं वर्णन पुन्हा पुन्हा करायला लावलं. राजाबद्दल त्यांना काही विचारायचं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच होता. कडेला उभा केलेला तो थोरला मुलगा, त्याचं तोंड कसं होतं?

आबा : तुमी काय सांगलास?

गुरुदास : हसत होता. सगळ्यांत जास्त वेळ हात त्यानंच हलवला. मी जे पाहिलं ते सांगितलं. तो मनातून काय होता ते चित्रफितीवर उमटत नाही, हे सांगितलं नाही. मला वाटलं, नटाला हे वेगळं सांगायला नको.

आबा : बाबांका तितक्याच होया होता. चार लोकांसमोर उभो केल्यावर थोरलो हसता, इतक्याच.

रामचंद्र : आबा! अरे मेल्या, बैलगाडी येवन उभी रवली आणि तू हंय गजाली मारतंस? कुडाळाकडे पोचूचा आसा आमका. मास्तरानू, काल नाव काढलास हां शाळेचा. असो खेळ मी जल्मात केलंय नाय.

गुरुदास : मुकुट मात्र सैल नव्हता, मालक.

रामचंद्र : ...असां. म्हणजे तुमचा शास्त्र जागा होता.

आबा : बाबा, मुकुटात काय घातलात?

रामचंद्र : कापूस.

आबा : कोणी घातल्यान?

रामचंद्र : तुझ्या आवशीन. आणखी कोण घालतला? तिचोच हात बारीक शिवणीचो.

आबा : बाळाक म्हायत होता?

रामचंद्र : डोक्या मापूक तेका बसवूकच होया होता मां?

आबा : आणि हिराक? माझ्या बायलेक?

रामचंद्र : तिका सांगूक नाय. तिच्या तोंडावर सगळा दिसता. तुका संध्याकाळपर्यंत कळला असता.

आबा : म्हणजे सगळ्या घराक म्हायत होता. नाय म्हायत ता माका आणि माझ्या बायलेक.

रामचंद्र : आवाज चढवू नको. शाळा आसा ही.

आबा : चौदा वर्षांचो होतंय, तुमी माका लुगडा नेसवलात. मी रडलंय. तुमी म्हणालात, मिशी फुटापर्यंत नेस, मगे राजपार्ट तुझो आणि कंपनी पण तुझी. मिशी फुटली. मी ती रोज सकाळी काढतंय. भुवयो कोरतंय. बाजारात लोकां हाक मारतत, काय राणीसरकार, मासे घेतलास? माझा चेडू, शेवंती, ह्याच शाळेत शिकता. पोरां तिका राणीचा चेडू म्हणतत. ती माका इचारता, तू राजो कधी होतलंस? मी म्हणतंय, ह्या हंगामात. काल तुमी मुकुट काढलात तशी फुडल्या रांगेत ती उठान उभी रवली. तिका वाटला, आता माका देतत. मागच्यांनी वराडल्यानी, बस खाली. मगे बसली.

रामचंद्र : ...ता मी बघलंय नाय.

आबा : तुमी मुकुट सावरी होतास.

रामचंद्र : ऐक आता. मालक म्हणान बोलतंय, बापूस म्हणान नाय. राजो खंयचोय गावता. अंगापेरान दांडगो, आवाज खणखणीत, झालो राजो. बाळाक मी दोन जत्रांत तयार करतंय. पण राणी? चार तालुके फिरान ये. तुझ्यासारखी राणी नाय. लोकां कंपनीचा नाव घेणत नाय, आबाची राणी म्हणतत. तू राजो झालंस तर एक बरो राजो गावात आणि एक सोन्यासारखी राणी जायत. ह्यो हिसाब आसा.

आबा : ह्या घराकडे बोलूक होया होता.

रामचंद्र : घराकडे तू नाय म्हणतलंस.

आबा : म्हणतलंय होतंयच.

रामचंद्र : म्हणानच. घराकडे तू आबा. खेळात बाकड्यार तू राणी, आणि राणी भर सभेत राजाक नाय म्हणणा नाय. तू आजपर्यंत कधी पार्ट मोडलंस? ताप आसताना नाय, पायात काच गेली तेव्हा नाय. माका खात्री होती.

आबा : हीच खात्री माका मारूक वापरलात.

गुरुदास : क्षमा करा, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे. पण प्रयोग माझ्या शाळेत झाला, म्हणून विचारतो. आबा, त्या क्षणी तुम्ही गप्प का राहिला नाहीत? गप्प राहिलं तरी पुरलं असतं.

आबा : गप्प कोण रवतलो? आबा थंय होतोच खंय? थंय राणी होती. ती दोघांची आवस. बाळा तिच्या पायाक हात लावक वाकलो, तर ती काय करतली? तोंडाक येयत ता बोलली. "प्राणनाथ, सूर्यानं कुठल्या कळीवर आधी किरण टाकावा, हे बागेनं विचारू नये. बाळ, ये. या मातेच्या कुशीत तुम्हा दोघांना सारखीच जागा होती. गादीवर मात्र एकालाच आहे." आणि मगे धोंडूक जवळ घेवन तेचा तोंड पुसलंय. मी पुसलंय, मास्तरानू. माझाच तोंड मी पुसलंय.

गुरुदास : बायका रडत होत्या. समितीचे अध्यक्षही. मला वाटलं, तुम्हाला सर्व ठाऊक आहे आणि संमतीही आहे. ते मी गृहीत धरलं.

रामचंद्र : आणखी काय होया? तुझ्या तोंडान आशीर्वाद मिळालो, तो पण असो. मी बोललंय ता लोकां विसारती. तू बोललंस ता कोण विसारणा नाय.

गुरुदास : मालक, हे मागे घेता येईल का? कुडाळला, आज, तितक्याच लोकांसमोर?

रामचंद्र : कसा घेतलंय? अध्यक्षांनी बाळाक हार घातल्यानी. चार गावांनी ऐकल्यानी. आता फिरलंय तर रामचंद्राचो शब्द म्हणजे काय उरला?

आबा : आणि माका दिल्लो शब्द?

रामचंद्र : तो घरातलो.

गुरुदास : मालक, तुम्ही बातमीपटाबद्दल मला जे विचारलंत, त्याचं उत्तर मी अपुरं दिलं. तो मुलगा हसत होता हे खरं. तो हसला म्हणून त्याला मान्य होतं, असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

रामचंद्र : मास्तरानू, थंय चार लोकां बघतत तेवढाच खरा. राजाच्या घरात पण तसांच आसतला. गाडीवालो हाक मारता, आबा. येतंस मां?

आबा : येतंय.

रामचंद्र : शाबास. राणीचो पेटारो मी बांधून ठेवलंय, सगळा नीट घातलंय.

आबा : आजच्या खेळात राजो कोण?

रामचंद्र : आज मीच. बाळा अजून तयार खंय आसा? पयलोच प्रवेश आपलो दोघांचो, राजो आणि राणी. लोकां त्याचसाठी येतत.

आबा : बरा.

रामचंद्र : आबा... आज थंय काय बोलतलंस, ता वायच आधी सांगून ठेव. म्हणजे माका जुळवूक बरा.

आबा : इतक्या वर्षांत कधी सांगलंय?

रामचंद्र : नाय. कधी गरजच पडली नाय.

आबा : मगे आजच कित्याक इचारतास?