बारा वर्षांत नऊ फूट

आमचा चुलतभाऊ सुधाकर बारा वर्षं राजस्थानच्या वाळवंटात उत्खनन करतोय. निलंग्याला आला की स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून सगळ्यांना शहाणपण शिकवतो. परवा बोअरची गाडी चालवणारे ख्वाजाचाचा शेजारी होते. खोदायची गोष्ट निघाली, तसे त्यांनी कान टवकारले.

"किती फूट गेलास बेटा?"

"नऊ."

"बारा वर्षांत नऊ? आमची गाडी एका दिवसात सहाशे जाती! पाणी लागलं का?"

"पाणी नाही हो चाचा! आम्ही ब्रशनं माती झाडत झाडत जातो. जुनं गाव सापडलं. लोक ते सोडून का गेले, हे जगात पहिल्यांदा मी सिद्ध केलं."

"का गेले?"

"नदी आटली म्हणून," सुधाकर छाती फुगवून म्हणाला.

चाचांनी बशीतला चहा सावकाश संपवला आणि समोर बोट दाखवलं.

"ती पुण्याची गाडी हाय. गाव सोडून चाललेले लोक बोचकी चढवून राहिलेत बघ. त्यातल्या कुणालाबी विचारलं असतंस, तर चहा संपायच्या आत सांगितलं असतं."